लॉइड जॉर्जची डावी भुवई : एका टोबी जगाच्या दुरुस्तीचं प्रकरण

काकांचा फोन रविवारी सकाळी आला. "जरा येऊन जातोस का? लॉइड जॉर्ज घरी आलाय. पण बघितल्यापासून मला चैन नाही. हा तो माणूसच वाटत नाही रे."

"फुटलाय का काका?"

"नाही ना! टवका उडालेला असता तर समजून घेतलं असतं. हा फारच गुळगुळीत आहे."

काका माझ्या नात्यातले नव्हेत. मूळचे सातारा जिल्ह्यातले. डॉक्टर म्हणून इंग्लंडात आले, नोकरीची सगळी वर्षं स्टॅफर्डशरमध्ये काढली आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहिले. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या आसपास आयुष्य गेलं की चिनी मातीचा नाद लागतोच. काकांना तो लागला टोबी जगांचा, म्हणजे माणसाच्या आकाराच्या मद्याच्या भांड्यांचा ('जग' हा इंग्रजीतला jug). घरी आलेला लॉइड जॉर्ज, पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश पुढारी, हा असाच एक जग. मी जुनी चिनी मातीची भांडी दुरुस्त करतो. सुरुवात हौसेनं झाली, आता आठवड्यातले बरेच तास त्यातच जातात. म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. ते सविस्तर लिहितो आहे, कारण या जगाचं खरं नुकसान पडल्यामुळे झालेलं नव्हतं. ते कुणीतरी प्रेमानं केलेल्या दुरुस्तीमुळे झालं होतं, आणि अशी दुरुस्ती संग्राहकांच्या कपाटांत जागोजागी बसलेली आहे.

वस्तू

टोबी जग म्हणजे बसलेल्या माणसाच्या आकाराचं मद्याचं भांडं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी त्याला रूप दिलं. डोक्यावर तिकोनी टोपी, पुढे आलेलं पोट, मांडीवर बिअरचा मग, पाठीला धरायला कान, आणि टोपीच्या कोपऱ्यातून पेय ओतायचं. हा मूळचा टोबी कुणी पुढारी नव्हता, गावातला पिणारा गडी होता. पुढारी त्याच्या जागेवर नंतर येऊन बसले.

काकांनी घेतलेला जग पहिल्या महायुद्धातला. बर्स्लेम इथल्या ए. जे. विल्किन्सन यांच्या रॉयल स्टॅफर्डशर पॉटरीत १९१५ ते १९१९ या काळात अकरा टोबी जगांची एक मालिका घडली. लंडनच्या सोन अँड स्मिथ या दुकानासाठी ती मोजक्या शेकड्यांत काढली होती. प्रत्येक जग साधारण वीत-सव्वा वीत उंच. राजा पाचवा जॉर्ज, ब्रिटिश सेनानी किचनर, जॉन फ्रेंच आणि हेग, नौदलाचे जेलिको आणि बीटी, फ्रान्सचे सेनानी जोफ्र आणि फॉश, दक्षिण आफ्रिकेचे बोथा, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन आणि लॉइड जॉर्ज असे हे अकरा जण. आज लिलावात यातला एखादा काहीशे पौंडांना जातो.

मालिकेचे शिल्पकार होते सर फ्रान्सिस कॅरुथर्स गूल्ड. जन्म १८४४ चा, डेव्हनमधल्या बार्नस्टेपलचा. वीसेक वर्षं ते लंडनच्या शेअर बाजारात होते आणि तिथे बसल्या बसल्या दलालांची चित्रं काढायचे. पुढे पॅल मॅल गॅझेट आणि १८९३ पासून वेस्टमिन्स्टर गॅझेट. दैनिकात पगारी नोकरीवर असलेला ब्रिटनमधला पहिला व्यंगचित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतात. राजकारणानं पक्के लिबरल, १९०६ मध्ये 'सर' झाले. आपण तेजाब वापरत नाही, व्हिनेगर वापरतो, असं ते म्हणत. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे दुरुस्तीचा निर्णय घेताना मला तीच उपयोगी पडली. गूल्डच्या चेहऱ्यांत आंबटपणा असलाच पाहिजे. तो गेला तर उरते ती नुसती बाहुली.

जगांवरची अक्षरंही त्याच चवीची. किचनरच्या हातातल्या भांड्यावर लिहिलंय 'बिटर फॉर द कैझर'. कैझर म्हणजे जर्मन सम्राट; बिटर म्हणजे कडू, आणि इंग्लंडात बिटर म्हणजे रोजची बिअरसुद्धा. जोफ्रच्या हातात फ्रेंच तोफखान्याचा ७५ मिलिमीटरचा गोळा आहे. त्यावरच्या फ्रेंच शब्दांचा उच्चार केला की 'मी जे देऊ करतो ते' असा अर्थ निघतो आणि त्यातच जोफ्रचं आडनावही ऐकू येतं. लॉइड जॉर्जच्या हातातल्या गोळ्यावर दोनच शब्द आहेत : 'शेल आउट'.

ते दोन शब्द

इथे थोडं थांबावं लागेल, कारण हे दोन शब्द कळले नाहीत तर चेहरा कसा असायला हवा हे कळणार नाही.

'शेल' म्हणजे तोफगोळा. 'शेल आउट' म्हणजे खिसा मोकळा करा, पैसे टाका. लॉइड जॉर्ज १९०८ पासून ब्रिटनचे अर्थमंत्री होते. श्रीमंतांवर आणि जमीनदारांवर कर बसवणारा १९०९ चा अर्थसंकल्प त्यांचाच, त्यामुळे 'पैसे टाका' हे त्यांना आधीपासूनच शोभत होतं. मग मे १९१५ उजाडला. ९ मे रोजी फ्रान्समधल्या ओबेर रिजवरचा हल्ला फसला, हजारो ब्रिटिश सैनिक एका दिवसात पडले. १४ मे रोजी 'द टाइम्स'मध्ये युद्धवार्ताहर रेपिंग्टन यांची बातमी आली की तोफगोळे अपुरे पडले म्हणून हल्ला फसला. ही माहिती सरसेनापती जॉन फ्रेंच यांच्या गोटातून आलेली होती. २१ मे रोजी 'डेली मेल'नं थेट युद्धमंत्री किचनर यांच्यावर तोफ डागली. लोकांना किचनर इतके प्रिय होते की लंडनच्या शेअर बाजारात त्या अंकाची होळी झाली. जिथे गूल्ड यांनी उमेदीची वर्षं काढली, त्याच बाजारात. महिना संपायच्या आत सरकार बदललं, पंतप्रधान ॲस्क्विथ यांना संयुक्त मंत्रिमंडळ करावं लागलं, आणि दारूगोळ्यासाठी नवं खातं निघालं. त्याचे मंत्री लॉइड जॉर्ज.

म्हणजे काकांच्या कपाटात ज्या फळीवर किचनर आणि फ्रेंच शेजारी शेजारी बसले होते, तिथे त्या मे महिन्यातलं भांडण बसलं होतं. फ्रेंच यांनी किचनरविरुद्ध बातमी पुरवली, आणि त्या बातमीचा फायदा लॉइड जॉर्जना झाला. डिसेंबर १९१५ मध्ये फ्रेंच यांची जागा हेग यांनी घेतली, आणि पंतप्रधान झाल्यावर लॉइड जॉर्ज यांचं हेगशी कधी जमलं नाही. अकराही जग देशभक्तीच्या नावाखाली एका रांगेत उभे आहेत, पण माणसांची नावं वाचत गेलं की रांग अस्वस्थ होते. आणि एक गैरहजेरी मला नेहमी खुपते. डिसेंबर १९१६ पर्यंत पंतप्रधान असलेले ॲस्क्विथ, गूल्ड यांच्याच पक्षाचे, या अकरांत नाहीत.

तर 'शेल आउट' म्हणणारा माणूस कसा दिसायला हवा? दुसऱ्याच्या खिशात हात घालताना समोरच्याला हसवू शकणारा वेल्श वकील. त्याच्या चेहऱ्यावर थोडी लबाडी पाहिजे. काकांच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ती नव्हती. भुवया एकसारख्या, कमानदार. मिशा कोरून काढल्यासारख्या. गाल लोण्यासारखे. फोटो काढायला बसवलेला शाळामास्तर.

तपासणी

लिलावगृहाच्या कागदावर 'स्थिती चांगली' एवढंच लिहिलेलं होतं. जग उलटा केला. तळावर कारखान्याचा ठसा आणि गूल्ड यांची छापील सही, दोन्ही जागच्या जागी. बुडाची कड शंभर वर्षं घासल्यावर जशी मळकट होते तशी झालेली. झिलईवर केसासारखं बारीक जाळं, तेही खांद्यांवर, पोटावर, कानावर, सगळीकडे. फक्त चेहऱ्यावर आणि कपाळावर जाळं नव्हतं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. एकाच भट्टीतून, एकाच झिलईत निघालेल्या भांड्याचं अंग तडकतं आणि तोंड तेवढं तरुण राहतं, असं होत नाही.

मग हात लावून पाहिलं. झिलई बोटाला थंड लागते, रंगाचा थर तितका थंड लागत नाही. डोळे मिटून कानापासून गालाकडे बोट नेलं की फरक कळतो. नखानं हलकेच टिचकी मारली. कानापाशी स्वच्छ आवाज, कपाळापाशी बद्द. मडकं विकत घेताना आपल्याकडे बायका जे करतात तेच. शेवटी पडदे ओढून अतिनील टॉर्च लावला. अंग एकसारखं मंद दिसत होतं आणि चेहरा त्यातून वेगळा उठून आला, दुधट पिवळा, मुखवटा चढवल्यासारखा. काका माझ्यामागे उभे होते. त्यांच्या तोंडून फक्त "अरेरे" एवढंच निघालं.

उत्तर सरळ होतं. जग कधीतरी पडला होता. कपाळावरचा टवका उडाला, तिथून एक चीर डाव्या भुवईतून खाली गेली. दुरुस्त करणाऱ्यानं टवका भरला, चीर लपवली. मग भरलेल्या जागेचा रंग जुन्या रंगाशी जुळेना, म्हणून त्यानं अख्ख्या चेहऱ्यावर रंग फवारला आणि त्यावर नव्या भुवया, नव्या मिशा काढल्या. हात चांगला होता त्याचा, हे कबूल करायला हवं. पण त्यानं काढला तो एक सर्वसाधारण सभ्य गृहस्थ. समोर लॉइड जॉर्ज आहे आणि तो गूल्डनं पाहिलेला लॉइड जॉर्ज आहे, याचा विचार त्यानं केला नाही.

काय करायचं

काकांची पहिली इच्छा जग परत करायची होती. दुसरी, मी चेहरा पुन्हा रंगवावा. जुने फोटो बघून, गूल्डची चित्रं बघून, नीट. मोह मलाही झाला. पण तसं केलं असतं तर पहिल्या दुरुस्तीवर आणखी एक माझी चढली असती, आणि चेहरा पुन्हा माझाच झाला असता.

मी काकांना पेणच्या गणपतींचं उदाहरण दिलं. एका साच्यातून दोनशे मूर्ती निघतात, पण डोळ्यांची आखणी हातानं होते, आणि कुठल्या हाताची आखणी आहे ते जाणकाराला लांबून कळतं. विल्किन्सनच्या कारखान्यात तेच होतं. गूल्डच्या मूळ शिल्पावरून साचे झाले, पातळ माती ओतून जग निघाले, पण ब्रशनं रंग भरले तिथल्या कामगार बायकांनी, प्रत्येक जगावर वेगळे. क्लॅरिस क्लिफ ही पुढे जगभर नाव झालेली कलाकार याच कारखान्यात १९१६ मध्ये, सतरा वर्षांची पोर असताना आली. १९४१ मध्ये चर्चिलचा टोबी जग तिनंच केला. हा लॉइड जॉर्ज कुणी रंगवला ते सांगणं शक्य नाही. पण ती जी कोण होती, तिच्या हाताच्या चार रेषा त्या फवाऱ्याखाली अजून असतील तर त्या बाहेर काढणं हेच माझं काम होतं.

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चीर दिसेल ना मग?"

"दिसेल."

"दिसू दे."

का हे मला ठाऊक होतं. काकांचे आजोबा मराठा पलटणीत होते, १०३ नंबरच्या. तो नंबरही किचनर यांचाच. १९०२ ते १९०९ ते हिंदुस्थानचे सरसेनापती होते आणि १९०३ च्या फेररचनेत मुंबई फौजेच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळवले गेले. ३ ची १०३ झाली, १० ची ११०, १७ ची ११७. या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या आणि तिथल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. उपासमार आणि मग शरणागती. काकांचे आजोबा परतले, पण 'बसऱ्याला' काय झालं ते घरात कधी बोलले नाहीत. काकांनी किचनरचा जग घेतला तो त्यामुळे. ज्या माणसाच्या सहीनं आजोबांच्या खांद्यावरचा आकडा ठरला, तो लंडनच्या दुकानात बिअरचं भांडं होऊन विकला जात होता, हे त्यांना रोज समोर पाहायचं होतं. अशा माणसाला चिरेची लाज वाटत नाही.

काम

हे घरी करून पाहणाऱ्यांसाठी थोडं तपशिलात लिहितो. भट्टीत भाजलेल्या रंगाला ॲसिटोन काही करत नाही. वरून थंड चढवलेला रंग मात्र त्यानं सुटतो. पण सोनेरी रेघ असेल आणि ती भाजलेली नसेल तर तीही जाईल, म्हणून आधी चाचणी, तीही न दिसणाऱ्या जागी. मी हनुवटीखाली, गळपट्टीच्या आत केली. बांबूच्या काडीला कापूस, काडी ओली पण टपकणारी नाही, एकदा फिरवली की कापूस टाकून द्यायचा. तोच पुन्हा वापरला तर सुटलेला रंग झिलईच्या जाळ्यात जाऊन बसतो. खिडक्या उघड्या, हातात मोजे, आसपास शेगडी नाही. आणि ही भांडी पाण्यात बुडवायची नाहीत. या मातीचं अंग सच्छिद्र असतं, चिरेतून पाणी आत शिरलं की डाग पसरतो.

रोज संध्याकाळी तासभर, असं अकरा दिवस चाललं. कापसाला आधी गुलाबी रंग आला, मग तपकिरी, मग काहीच नाही. उजवा गाल पहिल्यांदा मोकळा झाला आणि त्यावर ते बारीक जाळं दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून काकांना फोन केला.

तोंडाच्या कोपऱ्यात मात्र रंगाखाली कठीण पांढरा लेप निघाला. तिथे टवका उडालेला नव्हता. मग लेप कशाला? लाकडी कोरणीनं तो कणाकणानं काढला तेव्हा कळलं. तिथे मातीतच एक खोल सुरकुती होती, नाकापासून ओठाच्या टोकाकडे उतरणारी. मूळ शिल्पातलीच. दुरुस्त करणाऱ्याला ती चीर वाटली असावी, किंवा तिच्यात साचलेली काळी घाण त्याला आवडली नसावी. त्यानं ती बुजवून टाकली होती. सुरकुती मोकळी झाली आणि माणूस हसला. एका बाजूनं, ओठ न उघडता.

डावी भुवई शेवटी आली. ती उजवीपेक्षा वर होती, तीन फटकाऱ्यांत काढलेली, तिसरा फटकारा कपाळावर थोडा लांबलेला. चीर तिच्या मधून जात होती. ब्रशचे केस जिथे फाकले तिथे रंगात बारीक रेघा उमटलेल्या होत्या, आणि भिंगाखाली त्या मोजता येत होत्या. बर्स्लेममधल्या कुणा बाईच्या हाताचं एका क्षणाचं काम. मी त्या रात्री भिंग बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बघत बसलो.

चीर स्थिर करायला पॅरालॉइड बी-७२ हे चिकटद्रव्य वापरलं. संग्रहालयांतले दुरुस्तीकार ते वापरतात, कारण पुढे कधी काढायचं झालं तर ॲसिटोननं निघतं. टवक्याची जागा भरली, पण भराव झिलईच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवला आणि रंग फक्त भरावाच्या कडांच्या आत दिला. हातभर अंतरावरून खटकत नाही, जवळून लपत नाही.

लिलावगृहाला काकांनी अतिनील उजेडातल्या फोटोंसह पत्र लिहिलं. 'वस्तू आहे त्या स्थितीत' या अटीवर बोट ठेवून लिलावगृहानं जग परत घेण्यास नकार दिला, मात्र खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन परत केलं. माझ्या मते दुरुस्तीचा उल्लेख कागदावर असायलाच हवा होता. अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावायला एक मिनिट लागतं. घेणाऱ्यांनीही विक्रीआधी लेखी विचारावं की कुठे रंग चढवलेला आहे का. विचारलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर आलं की नंतर हातात काहीतरी राहतं.

आता तो जग किचनर आणि फ्रेंच यांच्या मधे बसतो. ती जागा काकांनी ठरवली. चीर दाराकडे तोंड करून आहे. लिलावात याची किंमत बहुधा उतरली असेल, त्या गुळगुळीत मास्तरानं जास्त पैसे आणले असते. मी एका कार्डावर लिहून दिलं आहे : काय काढलं, काय भरलं, कशानं चिकटवलं, कुठली तारीख, आणि तोंडाच्या कोपऱ्यातली सुरकुती मूळची आहे, बुजवू नये. काकांनी त्याच्याखाली मराठीतून आपली सही केली, कार्डाची घडी घातली आणि ते जगाच्या पोटात टाकलं.